खिडकीसमोरचं झाड: बडोद्यातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दांडिया बाजारातल्या एका वाड्यात वाढले. गेली बावीस वर्षं कारेलीबागच्या बाजूला एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहते. सोसायटीतली झाडं बघायचं काम माझ्याकडे आहे, त्यामुळे आमच्या आणि शेजारच्या सोसायट्यांतली माणसं येता-जाता विचारत असतात. तेच ते प्रश्न दरवर्षी येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

समोरच्या झाडामुळे खिडकीतून काहीच दिसत नाही. ते काढलं तर मोकळं वाटेल का?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, म्हणून आमच्याच घरचं सांगते.

आमच्या स्वयंपाकघराच्या गॅलरीसमोर कडुलिंब होता. एक फांदी इतकी जवळ आलेली की पाडव्याला गुढीसाठी डहाळी तोडायला आईला खाली उतरावं लागत नसे, कठड्याशी उभं राहून हात लांबवला की झालं. भाजी निवडायला ती तिथेच बसायची. २०१९ मध्ये सोसायटीला आणखी चार गाड्यांची जागा हवी होती. बैठक झाली, बहुमत झालं आणि कडुलिंब गेला. मीही त्या बैठकीला होते, आणि 'उजेड येईल' म्हणून गप्प बसले होते.

उजेड आला. पण त्याबरोबर समोरच्या बिल्डिंगची पाठ आली. एसीचे सहा आउटडोअर युनिट, सांडपाण्याचे पाइप, गच्चीवरच्या काळ्या टाक्या. ते सगळं आधीही तिथेच होतं, आम्हाला दिसत नव्हतं एवढंच. आणि आम्हाला त्यांचं स्वयंपाकघर दिसायला लागलं तसं त्यांना आमचं. पंधरा दिवसांत समोरच्या मासींनी पडदा लावला, महिन्याभरात आम्हीही लावला. पश्चिमेची खिडकी असल्यामुळे एप्रिलपासून तो दुपारी उघडायची सोयच राहिली नाही. झाड होतं तोवर ती खिडकी दिवसभर उघडी असायची. झाड गेलं आणि खिडकी बंद झाली.

म्हणून झाड काढायचा विचार मनात आला की आधी एक करा. त्याच्या आड काय आहे ते गच्चीवर जाऊन बघून या. मग शेजारच्या दोन-तीन घरांत जाऊन त्यांच्या खिडकीतून तेच झाड बघा. तुमच्या उजेडाच्या आड येणारी फांदी कुणाच्या तरी पाळण्यावर सावली धरून असते. एका झाडावर दहा-बारा घरांच्या खिडक्या उघडतात आणि निर्णय घेताना त्यातली दोनच घरं बोलतात. हे मला फार लागतं, म्हणून पहिलं उत्तर एवढं लांबलं.

मग उजेडासाठी काहीच करायचं नाही का?

करायचं ना. पुष्कळदा एखाद-दुसरी फांदी काढली की काम होतं. तुम्ही खिडकीत नेहमी जिथे बसता तिथे बसा आणि दुसऱ्या कुणाला खाली उभं करून नेमकी कुठली फांदी आड येते ते काठीने दाखवायला सांगा. खालच्या दोन फांद्या काढल्या की रस्ता, फाटक, येणारं-जाणारं माणूस दिसतं आणि डोक्यावरची सावली तशीच राहते. किंवा आतल्या दाटीतल्या वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या विरळ करून घ्या. मग पानांतून ऊन गाळून येतं. घराला खरं म्हणजे असंच ऊन हवं असतं.

कुठल्या दिशेच्या खिडकीसमोर कोणतं झाड चांगलं?

बडोदं साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या जरासं खाली. जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या १० तारखेच्या आसपास मध्यान्हीला सूर्य अगदी डोक्यावर असतो. उलट डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीसुद्धा तो दक्षिणेच्या आकाशात साधारण ४४ अंशांवरच असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन आत येतं आणि उन्हाळ्यात छज्जा ते अडवतो. दक्षिणेला पानगळ होणारं झाड असेल तर उत्तम. शिरीष चालतो. थंडीत त्याची पानं झडतात आणि वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात.

खरा त्रास पश्चिमेचा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि चार-साडेचारनंतर सूर्य इतका खाली येतो की छज्जा काहीच करू शकत नाही, ऊन थेट भिंतीवर आणि आत पलंगापर्यंत येतं. ते अडवायला उभाच आडोसा हवा, आणि झाडाइतका चांगला आडोसा नाही. पडदा तापतो आणि तापून खोलीतच उष्णता सोडतो. पान मात्र बाहेरच्या बाहेर ऊन घेतं आणि पाण्याची वाफ सोडून स्वतःला थंड ठेवतं. पश्चिमेला कडुलिंब, करंज, जांभूळ, बकुळ ही झाडं चांगली. करंजाची पानं फेब्रुवारी-मार्चमध्ये जातात, पण उन्हाळा तापेपर्यंत चकचकीत नवी पालवी आलेली असते.

आणखी एक गोष्ट पश्चिमेच्या गॅलरीवाल्यांनी वर्षभर टिपून बघावी. मावळता सूर्य एका जागी राहत नाही. २१ जूनला तो पश्चिमेच्या उत्तरेला सुमारे २५ अंशांवर मावळतो आणि २२ डिसेंबरला जवळपास तेवढाच दक्षिणेला. म्हणजे जूनमध्ये जो सूर्य उजव्या कोपऱ्यातल्या एका झाडामागे जातो, तो डिसेंबरमध्ये डावीकडच्या भलत्याच झाडामागे जातो. नवं झाड कुठे लावायचं ते ठरवायला मे महिन्यातली संध्याकाळ बघा. थंडीत बघून खड्डा खणलात तर सावली चुकीच्या जागी पडेल.

उत्तरेच्या खिडकीची फार काळजी करू नका. पूर्वेला उंच आणि विरळ झाड ठेवा, सकाळचं कोवळं ऊन घरात यायला हवं.

खालच्या मजल्यावरून आणि वरच्या मजल्यावरून झाड इतकं वेगळं का दिसतं?

तळमजल्यावर, टेनामेंटमध्ये म्हणजे इथल्या बैठ्या घरांत, तुम्हाला खोड दिसतं. खोडाची साल, मुंग्यांची रांग, बुडाशी ठेवलेली पाण्याची कुंडी. झाड तिथे एखाद्या खांबासारखं असतं आणि त्याच्या आजूबाजूने रस्ता दिसतो. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर तुम्ही थेट पानांच्या घरात असता. तांबट, बुलबुल, खार यांच्या डोळ्याला डोळा भिडतो. चौथ्याच्या वर गेलात की झाडाचा माथा दिसतो, आणि गुलमोहर-बहावा वरूनच बघावा, कारण फुलं वरच्या अंगाला असतात. सातव्या-आठव्या मजल्यावर एकेक झाड ओळखू येत नाही, सगळा परिसरच दिसतो. सयाजीबागेच्या बाजूला उंचावर राहणाऱ्या आमच्या एका नातलगांच्या घरून विश्वामित्रीच्या काठाचा हिरवा पट्टा नदीसारखाच वळत गेलेला दिसतो, पाणी मात्र दिसतच नाही.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की एकाच झाडाबद्दल तळमजला आणि तिसरा मजला यांची तक्रार उलटसुलट असणार. तळमजल्याला अंधार वाटतो, तिसऱ्याला आनंद. दोघांचंही खरं असतं. खालच्या फांद्या काढून माथा राखला की बहुतेक भांडणं मिटतात.

एकच झाड वर्षभर कसं दिसतं?

आपल्याकडे सगळी झाडं एकदम पानं गाळत नाहीत, आणि घरबसल्या बघायला हीच गंमत आहे. माघ-फाल्गुनात पिंपळ रिकामा होतो आणि आठ-दहा दिवसांत तांबूस, पारदर्शक पालवीने भरतो. सकाळी पाठीमागून ऊन आलं की प्रत्येक पान दिव्यासारखं दिसतं. त्याच सुमाराला काटेसावरीला लाल फुलं येतात, पान एकही नसतं. कडुलिंब पिवळा पडून झडतो आणि पाडव्याच्या आसपास कोवळा होतो, मग त्याच्या बारीक पांढऱ्या मोहराचा वास संध्याकाळी गॅलरीत येतो. एप्रिल-मेमध्ये बहाव्याचे पिवळे घोस लोंबतात. इथे त्याला गरमाळो म्हणतात, भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे. गुलमोहर फेब्रुवारीपासून काठ्यांसारखा उभा असतो आणि मे महिन्यात पेटतो.

नवीन भाडेकरू फेब्रुवारीत घर बघायला येतात आणि गुलमोहर बघून 'हे झाड वाळलंय' म्हणतात. वाळलेलं नसतं. नखाने बारीक फांदीची साल जराशी खरवडा, आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. मार्चमध्ये 'मेलं' म्हणून तोडलेली झाडं मी पाहिली आहेत. महिनाभर थांबायला हवं होतं.

आडोशासाठी आसोपालवची रांग लावू का?

शेजारची बिल्डिंग झाकायची असेल आणि जागा हातभरच असेल, तर सरळ उंच वाढणारा आसोपालव सोयीचा आहेच. बाराही महिने हिरवा असतो आणि दिवाळीत तोरणाला पानं मिळतात. बरेच लोक त्यालाच अशोक म्हणतात. खरा सीताअशोक वेगळा. तो बुटका, पसरट, आणि वसंतात शेंदरी फुलांचे गुच्छ येणारा.

पण माझं मत विचाराल तर नुसत्या आसोपालवची रांग ही हिरवी भिंत होते. ती सावली फारशी देत नाही, कारण तिचा घेरच नसतो. ऋतूही फारसा दाखवत नाही. जागा थोडी जास्त असेल तर तीन आसोपालव आणि मध्ये एक बकुळ लावा. बकुळ सावकाश वाढतो, पण त्याचा माथा गोल, दाट आणि आटोपशीर असतो, आणि सकाळी खाली फुलांचा सडा असतो.

कोनोकार्पस लवकर वाढतो म्हणतात. लावायचा का?

नाही. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आणली आहे. खाली पाइपलाइन आणि केबल यांच्यात मुळं शिरतात, फुलोऱ्याच्या दिवसांत परागकणांमुळे सर्दी-खोकला-दम्याचा त्रास होतो अशी कारणं तेव्हा दिली गेली. सोसायटीत आधीपासून असेल तर टप्प्याटप्प्याने बदला, आणि एका रात्रीत सगळी रांग उडवून उघडं पडू नका. एक काढा, तिथे दुसरं लावा, ते खांद्याएवढं झालं की पुढचं काढा.

सप्तपर्णीच्या वासाने डोकं दुखतं. झाड तोडता येईल का?

त्याचा वास रात्री फार उग्र येतो, खासकरून दिवाळीच्या आगेमागे, आणि काहींना खरंच सोसत नाही. हा बहर काही आठवड्यांचाच असतो. झोपायच्या खोलीच्या खिडकीजवळच्या फांद्या बहर येण्याआधी, सप्टेंबरात, विरळ करून घेतल्या तर बराच फरक पडतो. नवीन लावताना मात्र तो घरापासून लांब, मैदानाच्या कडेला लावावा.

छाटणी कोण करणार, परवानगी लागते का?

रस्त्यावरचं झाड महापालिकेचं. त्याला स्वतः हात लावायचा नाही. बाग विभागाकडे लेखी अर्ज करायचा, त्यात झाड कुठलं, कुठे आहे आणि नेमकी कुठली फांदी का काढायची ते लिहायचं, आणि फोटो जोडायचा. सोसायटीच्या आवारातलं झाड असलं तरी मुळापासून काढायचं असेल तर आधी परवानगी घ्या. विजेच्या तारांजवळचं काम वीज कंपनीच्या माणसांशिवाय कुणाकडूनही करून घेऊ नका, कितीही ओळखीचा माळी असला तरी.

आता छाटायचं कसं. यावर मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण चांगल्या हेतूने सांगितलेली छाटणीच झाडाची वाट लावते. 'वरून अर्धं करून टाका' असं सांगितलं की माळी शेंडा उडवतो. दोन महिन्यांत त्या कापलेल्या टोकाशी झाडूसारखा फुटवा येतो आणि लोकांना वाटतं झाड तगलं. पण हे नवे फुटवे वरच्या सालीलाच चिकटलेले असतात, आतल्या लाकडात त्यांचं बूड नसतं. तीन-चार पावसाळ्यांनी ते जड होतात आणि वादळात नेमके तेच मोडतात. त्यात पाणी मुरून मधलं खोड कुजतं ते वेगळंच.

फांदी काढायची तर बुडापासून काढायची. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे सालीची एक जाडसर वळी असते. त्या वळीच्या बाहेरून काप घ्यायचा, वळी राखायची, म्हणजे जखम आपोआप भरून येते. जाड फांदी एका घावात कापली तर ती आपल्याच वजनाने खाली येताना खोडाची लांब साल सोलत नेते. म्हणून आधी थोडं बाहेर, खालच्या बाजूने अर्धवट काप घ्यायचा, मग त्याच्या पुढे वरून कापून वजन उतरवायचं आणि शेवटी उरलेला खुंट वळीशी नीट कापायचा. डांबर किंवा ऑइलपेंट फासायची गरज नाही. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त पानोळा काढू नका. आणि कापायच्या आधी पाच मिनिटं वर बघा. कावळ्याची घरटी एप्रिल ते जूनमध्ये असतात, म्हणजे पावसाळ्यापूर्वीची छाटणी चालते नेमक्या त्याच दिवसांत.

वादळात गुलमोहर घरावर पडेल अशी भीती वाटते.

भीती अनाठायी नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ पसरणारी. सोनमोहराच्या फांद्याही मोडतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गुजरातेत आलं तेव्हा त्या वाऱ्यात झाडं कशी डोलत होती ते ज्यांनी खिडकीतून पाहिलं त्यांना हे सांगायला नको.

पण झाड पडतं त्याचं कारण बहुतेक वेळा त्याच्या पायाशी असतं. चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट, एका बाजूने गटाराच्या कामात तोडलेली मुळं, खोडापर्यंत आलेला काँक्रीटचा गळफास. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी आदेश दिला होता की खोडाभोवती १ मीटर जागा मोकळी ठेवा. तो नियम आपल्या सोसायटीने आपणहून पाळावा. आमच्याकडे दोन झाडांभोवतीचे ब्लॉक आम्ही रविवारी सकाळी पहारीने काढले. खाली माती दगडासारखी घट्ट होती, पावसाचं पाणी वर्षानुवर्षं आत गेलंच नव्हतं.

पावसाळ्याआधी हे बघा: खोड नव्यानेच एका बाजूला कललंय का, बुडाशी माती उचलली किंवा फुटली आहे का, खोडावर छत्र्यांसारखी बुरशी आली आहे का, खोड ठोकल्यावर पोकळ वाजतं का. यातलं एकही दिसलं तर वाट बघू नका, बाग विभागाला कळवा. धोकादायक झाड काढावंच लागतं, आणि ते काढताना वाईट वाटून घेत थांबणं बरोबर नाही.

शेजारच्या आवारातल्या झाडामुळे आमचा देखावा गेला. आमचा त्यावर हक्क आहे का?

भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ चा आहे. एखाद्या इमारतीला २० वर्षं निर्वेधपणे मिळत आलेल्या उजेड-हवेचा हक्क त्यात मान्य आहे. नुसत्या सुंदर देखाव्याचा मात्र तसा हक्क मिळत नाही. समोर तलाव दिसत होता, आता झाड आलं, ही तक्रार कायद्यापुढे टिकणारी नाही. शेजारणीकडे चहाला जा. माझ्या अनुभवात अशा दहा भांडणांतली आठ 'ही एवढी फांदी काढली तर चालेल का' या एका वाक्याने मिटतात, आणि फांदी काढायचा खर्च तुम्ही देऊ केलात तर लवकर मिटतात.

भिंतीत पिंपळ उगवलाय. उपटावा का?

हो, आणि लहान असतानाच. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, पाइपाच्या ओलीत रुजतं. चार पानं असतानाच ओल्या दिवसांत मुळासकट काढा आणि ती फट बुजवा. दांडिया बाजार, रावपुरा, नवापुरा इथल्या जुन्या वाड्यांच्या भिंती याच पिंपळांनी फाडल्या आहेत. आमच्या वाड्यातही माडीच्या कोपऱ्यातला पिंपळ कुणी देवाचं झाड म्हणून काढेना. शेवटी आजोबांनी नमस्कार करून तो मुळासकट सोडवला आणि सुरसागर तलावाच्या बाजूच्या एका देवळाच्या आवारात लावायला दिला. छोटं रोप असेल तर हे करता येतं, आणि मनालाही बरं वाटतं.

उत्तरायणानंतर, म्हणजे संक्रांतीनंतर, झाडावर अडकलेल्या पतंगांचं काय करायचं?

१५ जानेवारीला सकाळी बाहेर बघितलं की प्रत्येक झाड चिंध्या पांघरून बसलेलं असतं. कागद पावसाळ्यापर्यंत विरतो. मांजा विरत नाही. पोपट, कबुतरं, घुबडं, वटवाघळं त्यात अडकतात, आणि तुमच्या खिडकीतून ते तुम्हालाच आधी दिसतं. आमच्यासमोर एकदा एक कबूतर शिरीषाच्या टोकाला पंखाने लटकलं होतं. दुपारपासून ते फडफडत होतं, आणि खाली पतंग लुटणाऱ्या मुलांपैकी कुणाचं लक्ष नव्हतं. १९६२ या क्रमांकावर पशुपक्ष्यांसाठीची करुणा ॲम्ब्युलन्स बोलावता येते, आणि उत्तरायणाच्या दिवसांत जखमी पक्ष्यांना वाचवायला राज्यात करुणा अभियान चालू असतं. पक्षी स्वतः ओढून काढायला जाऊ नका, दोरा पंखात आणखी रुततो.

पुढच्या रविवारी सोसायटीतल्या मुलांना घेऊन लांब बांबूला आकडा बांधून हाताला येईल तेवढा मांजा काढा. हातमोजे घाला. गोळा केलेला मांजा कात्रीने बारीक तुकडे करूनच टाका, नाहीतर कचऱ्यात गायीच्या पायात जातो. तारांजवळच्या फांद्यांना बांबू लावायचा नाही.

झाडामुळे डास होतात, कचरा होतो.

डास साठलेल्या पाण्यात होतात. कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर, कूलरची टाकी बघा. कचरा होतो हे खरं आहे. वाळलेली पानं आवाराच्या कोपऱ्यात जाळीच्या पिंपात टाका, वर अधूनमधून पाणी आणि थोडं शेण घाला. पाच-सहा महिन्यांत कुंड्यांना खत मिळतं. पानं जाळू नका.

झाड दिसल्याने तब्येतीला फरक पडतो, हे खरं का?

रॉजर उलरिक या संशोधकाचा एक अभ्यास १९८४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्याने तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत, आणि झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास छोटा आहे, पण घरात आजारी माणूस असेल तर त्याचा पलंग झाड दिसणाऱ्या खिडकीकडे तोंड करून ठेवा, याला पैसे पडत नाहीत.

सेसिल कोनायनेन्डाइक या डच वनतज्ज्ञाने २०२१ मध्ये ३-३०-३०० असा एक सोपा मापदंड मांडला. प्रत्येक घरातून निदान ३ मोठी झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी, आणि ३०० मीटरच्या आत बाग असावी. आजच आपल्या घरात फिरून मोजा. आमच्या घरातून पूर्वी पाच दिसायची, आता तीन दिसतात. बागेच्या बाबतीत कामाठीबागेजवळ, म्हणजे सयाजीबागेजवळ, राहणारे भाग्यवान. सयाजीराव महाराजांनी ती १८७९ मध्ये विश्वामित्रीच्या काठी केली आणि आजही ती शहराच्या मधोमध आहे.

वटपौर्णिमेला घरी वडाची फांदी आणून पूजा केली तर चालेल का?

कृपा करून आणू नका. ज्या शहराचं नावच वडावरून आलं, ज्याचा उल्लेख इ.स. ८१२ च्या ताम्रपटात 'वटपद्रक' असा आहे, तिथे निदान त्या दिवशी वड तोडायला नको. आमच्या भागातल्या वडाच्या खालच्या फांद्या आणि लोंबत्या पारंब्या दरवर्षी त्या एका सकाळी ओरबाडल्या जातात. पारंबी जमिनीला टेकली की तिचं खोड होतं आणि वड पसरतो, भरूचजवळचा कबीरवड असाच पसरला आहे. तोडलेली पारंबी हा वडाचा तोडलेला पाय आहे. चालत वडापर्यंत जा. गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना खिडकीतून वड दिसत असेल तर तिथूनच हात जोडू द्या. आमच्या शेजारच्या काकू गेली तीन वर्षं असंच करतात.

आज झाड लावलं तर खिडकीत कधी दिसेल?

तळमजल्याला दुसऱ्याच पावसाळ्यात. पहिल्या मजल्याला चार-पाच वर्षं, माती आणि पाणी बरं असेल तर. त्याच्या वर राहणाऱ्यांनी धीर धरायचा. जूनच्या मध्यावर पहिला चांगला पाऊस झाला की लावा, खड्डा मे महिन्यातच खणून तापू द्या. पिशवीतलं रोप कमरेएवढं असलं तरी पुरे, फार मोठं रोप मुळं धरायला वेळ घेतं. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी घाला. रोज तांब्याभर घातलं तर मुळं वरच राहतात.

आमचा कडुलिंब होता त्या जागेशेजारच्या वाफ्यात आम्ही २०२० च्या पावसात करंज लावला. पहिल्या वर्षी बकरीने खाल्ला, म्हणून जाळी लावली. आता पहिल्या मजल्यावरच्या भाभींच्या खिडकीत तो पूर्ण भरून दिसतो आणि त्यांनी त्या बाजूचा पडदा काढला. आई रोज सकाळी कठड्यावरून वाकून त्याचा शेंडा कुठवर आला ते बघते. आमच्या गॅलरीच्या फरशीपासून तो अजून चार हात खाली आहे.